धम्मरत्न वेल्डरचं शिवणकाम

३१ ऑगस्ट २०२४, मुकुटबन

आज नागपूरच्या दवाखान्यातून घरी आलो. निघताना डॉक्टरांनी सांगितलं, एक वही करा. चक्कर, धडधड, घाम, काहीही वाटलं तर तारीख आणि वेळ लिहून ठेवा. माझी मुलगी पायल हिने तिची रसायनशास्त्राची अर्धी कोरी वही दिली. पुढून तिची समीकरणं, मागून मी.

चक्कर : नाही. धडधड : नाही. घाम : आहे, पण लाईन गेली आहे.

हे लिहून झालं आणि सगळं पान उरलं. म्हणून बाकीचंही लिहितो.

मी धम्मरत्न देवराव नगराळे, वय त्रेचाळीस, वेल्डर. बावीस वर्षं वेल्डर. नऊ ऑगस्टला दुकानात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा फाळका, म्हणजे मागची उघडती फळी, जोडता जोडता पडलो. माझा भागीदार धरमसिंग राठोड याने मला पिकअपमध्ये घालून वणीला नेलं, वणीवाल्यांनी नागपूरला पाठवलं. तिथे कळलं की हृदयाची मोटर ठीक आहे, वायरिंग बिघडलं आहे. असं डॉक्टर म्हणाले नाहीत, मी समजून घेतलं. डाव्या हासळीच्या हाडाखाली काडेपेटीएवढं यंत्र बसवलं आहे. हृदय भलत्या वेगाने पळालं की ते आतून झटका देणार आणि जाग्यावर आणणार.

मी विचारलं, "सर, वेल्डिंग?"

"नाही."

"बारीक काम? एखादा टाका?"

"टाकाही नाही. वेल्डिंगच्या करंटने आतलं यंत्र फसू शकतं."

"मग मी करू काय?"

"दुसरं काहीही करा," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

दुसरं काहीही हा कोणता धंदा, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

५ सप्टेंबर

चक्कर नाही. धडधड नाही.

खाटेवर पडून चौकातल्या आमच्या ग्राइंडरचा आवाज ऐकत असतो. आवाजावरून कळतं की धरमसिंग चाक फार दाबतो आहे. सहा दिवस झाले, एकदाही घरी आला नाही. बावीस वर्षांची भागीदारी.

माझी बायको सत्यशीला घरीच ब्लाऊज शिवते. तिचं मशीन खिडकीकडे तोंड करून असायचं. आज पाहतो तर फिरवून माझ्या खाटेकडे तोंड केलेलं. आता उजेड पाठीमागून येतो आणि कापडावर तिचीच सावली पडते. मी म्हटलं, हे उलटं झालं. म्हणाली, "इकडं हवा लागते." मला तर लागली नाही.

९ सप्टेंबर

शेवटी मीच चौकात गेलो. धरमसिंगने मला लांबून पाहिलं, हातातला होल्डर टाकला, आत पळाला, विजेचा मेन बंद केला आणि धावत रस्त्यावर आला. "जय भीम, धम्मा!" म्हणाला. मी "जय सेवालाल" म्हटलं. त्याने मला हाताला धरून समोरच्या टपरीवर नेलं, चहा पाजला आणि तिथूनच परत घरी पोचवून दिलं. दुकानाच्या पायरीवर पाय ठेवू दिला नाही.

माझ्या मागे काहीतरी गडबड करून ठेवली असेल. नाहीतर इतकं लपवायचं काय कारण?

१७ सप्टेंबर

चुलतभाऊ विक्कीच्या मोबाईलच्या दुकानात बसून पाहिलं. तीन दिवस टिकलो. मोबाईल आणि चुंबक यंत्रापासून एक वीत लांब ठेवायचे असं दवाखान्यातून सांगितलं आहे. विक्कीच्या दुकानात भिंतभर मोबाईल, आणि खाली मोठाल्या चुंबकांचे स्पीकर. मी गिऱ्हाईकाला कव्हर दाखवायचो ते सापाला धरल्यासारखं, हात लांब करून. एका म्हातारबाबांनी विचारलं, "याले बिमारी आहे का काई?" विक्की म्हणाला, दादा, तुम्ही घरीच आराम करा.

सत्यशीला म्हणते, अंघोळीला जाल तर आतून कडी लावू नका, गंजली आहे, अडकून बसाल. मी कडी पाहिली. गंज अजिबात नाही. बावीस वर्षं लोखंडात काढली, एवढं मला कळतं.

२५ सप्टेंबर

आजचा दिवस लिहायचा नव्हता, पण लिहितो.

सत्यशीला म्हणाली, "बसल्या बसल्या हूक तं लावा." सहा ब्लाऊज पुढ्यात टाकले. गड्यानं ब्लाऊजला हूक लावायचे! पण खाटेवर बसून वाशे मोजण्यापेक्षा बरं, म्हणून लावले. मजबूत लावले. एकेका हुकाला दहा-बारा फेरे दोरा.

संध्याकाळी अंगणवाडीतल्या पंचफुलाबाई दारात. त्यांनी ब्लाऊज घालून पाहिला तर निघेचना. दोन जावा लागल्या ओढायला, शेवटी कात्री चालवली. सत्यशीला हसत हसत जमिनीवर बसली. म्हणाली, "ब्लाऊज आहे हो थो, गेट नाई!"

पंचफुलाबाईही हसल्या. मीही हसलो. पडल्यापासून पहिल्यांदाच.

६ ऑक्टोबर

यंत्र बसवल्यापासून डावा हात वर करायची बंदी होती, ती मागच्या आठवड्यात संपली. डॉक्टरांना फोन करून विचारलं, पायाचं शिलाई मशीन चालवू का. म्हणाले, खुशाल.

आधी मशीन पूर्ण खोललं, साफ केलं, तेल दिलं. सत्यशीला ओरडली, पण आता ते आधीपेक्षा निम्मा आवाज करतं. मग शिलाई. पहिल्या दिवशी कापड पळालं. लोखंड जिथे ठेवलं तिथे राहतं, कापडाला स्वतःचं मन आहे. तिसऱ्या दिवशी सरळ शिलाई जमली. सत्यशीलाने चष्मा लावून पाहिली, पट्टी ठेवून पाहिली आणि म्हणाली, "अशी सरळ तं माहीबी येत नाई." खरं असेल का? मला बरं वाटावं म्हणून ती सहसा काही बोलत नाही, त्यामुळे खरं असावं.

१३ ऑक्टोबर

दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीला जातो, यंदा गर्दी नको म्हणून काल टीव्हीवर पाहिलं. पायलने पुरणपोळी केली, खीर केली, आणि मला दोन्हीतलं चमचाभर दिलं.

२२ ऑक्टोबर

पोडावरच्या, म्हणजे आदिवासी वस्तीवरच्या, मानीबाई आल्या होत्या. कोलाम आहेत, पन्नाशीच्या, कापूस वेचणाऱ्या बायकांच्या टोळीच्या पुढारीण. त्यांची ओटी फाटली होती. ओटी म्हणजे वेचलेला कापूस टाकायला पोटावर बांधतात ते फडकं. एक गाठ कमरेला, एक मानेमागे. भरत आली की सगळं ओझं मानेवर. मानीबाईंनी मान दाखवली, काळा वळ पडला आहे, बोटाएवढा जाड.

"तीस वर्साचा आहे भाऊ हा दागिना," म्हणाल्या.

मी माझी हासळी चाचपली. यंत्रावरून पिशवीचा साधा पट्टा गेला तरी मला खुपतं. या दोन महिन्यांत मला नीट कळलं आहे की माणसाच्या अंगावर ओझं कुठे टाकू नये. मानेवर नाही, हासळीवर नाही. कमरेच्या हाडावर टाकावं, ते हाड त्यासाठीच आहे.

ओटी शिवून दिली. पण डोकं तिथेच अडकलं आहे. आणि भरलेली ओटी रिकामी करायला ती उचलून उलटी का करायची? ट्रॉलीला आपण फाळका लावतोच ना. खाली फाळका, उघडला की माल खाली.

धडधड : होती, पण ही वेगळी.

४ नोव्हेंबर

पहिली खताच्या पोत्याची केली. घामाने अंगाला चिकटली. दुसरी जुन्या लुगड्याची, लोंबून गुडघ्यापर्यंत आली. तिसरी जाड मांजरपाटाची, कमरेला चार बोटं रुंद पट्टा, पाठीवर पट्ट्यांची फुली. बुडाला फाळका. सत्यशीलाने पाठीवरची फुली उसवली आणि दोन बोटं खाली घेऊन परत शिवली. मी म्हटलं, माझं माप बरोबर होतं. म्हणाली, "तुमचं माप गड्याचं आहे."

विक्की म्हणाला, फाळक्याला लेडीज पर्ससारखं चुंबकाचं बटण लाव. सत्यशीलाने त्याला चहासुद्धा न देता घालवलं.

७ नोव्हेंबर

आज मानीबाईंच्या टोळीबरोबर शेतात गेलो. सत्यशीलालाही नेमकं त्याच बाजूला काम निघालं, शेवग्याच्या शेंगा आणायच्या होत्या म्हणे.

मानीबाईंनी पिशवी बांधली आणि पऱ्हाटीत, कपाशीच्या ओळीत शिरल्या. आम्ही धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभे. अर्धी ओळ गेली तशी मागून एक बाई ओरडली. पाहतो तो मानीबाईंच्या मागे कापसाची पांढरी रेघ. फाळका आपोआप उघडला होता आणि त्या पुढे वेचत होत्या, मागे सांडत होत्या.

मानीबाईंनी वळून पाहिलं आणि सगळ्या शेताला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "भाऊ, हे तं हगून राह्यली!"

बायका पोट धरधरून हसल्या. सांडलेला कापूस मीच वेचला, ओळभर वाकून. पण मानीबाईंनी जाताना मान इकडेतिकडे फिरवून पाहिली आणि म्हणाल्या, "मानेले मात्र आराम वाटला. बुड पक्कं करून आणजा."

शेंगा मिळाल्या नाहीत. शेवग्याचं झाडच नाही त्या बाजूला.

१५ नोव्हेंबर

बुड पक्कं झालं. कापडाचे दोन पदर, एकावर एक, आणि मध्ये बांबूची खुंटी. ओढली की सुटतं, न ओढता सुटत नाही. चार दिवस जेवणाचं, कशाचंच भान नव्हतं. आज आणखी दोन शिवल्या.

२४ नोव्हेंबर

नऊ दिवस लिहिलं नाही. पाच दिवस नागपूरला होतो.

१९ तारखेला शेतात मी स्वतः पिशवी बांधून वेचायला लागलो, ओझं कुठे बसतं ते पाहायला. दोन ओळी वेचल्या. डोकं हलकं झालं, पऱ्हाटी लांब लांब गेली. आणि छातीत घण बसला. आतून. मी एवढ्या जोरात ओरडलो की धुऱ्यावरचे बैल उठले. खाली बसलो. वाटलं, संपलं.

मानीबाई पळत आल्या. "कोनं मारलं भाऊ?"

"आतून," मी म्हटलं.

त्यांनी पुढचं काही विचारलं नाही. स्वतःच्या पिशवीची खुंटी ओढली, सगळा कापूस जमिनीवर सोडला, हाताने पसरवला आणि मला त्यावर झोपवलं. झोपल्या झोपल्या मी पाहिलं, पिशवी एका हाताने उघडली, एका झटक्यात, कुठे अडकली नाही. मरायला टेकलेल्या माणसाने असं पाहावं का, माहीत नाही. पण पाहिलं.

नागपूरला डॉक्टरांनी यंत्रातली नोंद काढली. अकरा वाजून सदतीस मिनिटांनी हृदय भरकटलं होतं. यंत्राने एकाच झटक्यात जाग्यावर आणलं. "त्यानं त्याचं काम केलं," डॉक्टर म्हणाले. "गोळ्या वेळेवर घेता ना?"

"हो सर."

इथे खरं लिहितो. पिशवीच्या नादात तीन दिवस गोळ्या राहिल्या होत्या. डॉक्टरांनाही सांगितलं नाही, सत्यशीलालाही नाही. घरी आलो तर गोळ्यांचा डबा फळीवरून हलवून मशीनवर, दोऱ्याच्या रिळांशेजारी ठेवलेला. तिथे तिला शिवताना अडचण होते, तरी तिथेच ठेवते.

२ डिसेंबर

चक्कर नाही. धडधड नाही. काहीच नाही.

गोळ्या घेतो. मशीनवर बसत नाही. चालताना सावकाश चालतो, जिना नाही, शेत नाही. शिंक आली तरी थांबून पाहतो. पायलने विचारलं, बाबा, पिशव्यांचं काय? म्हटलं, होईल. कापलेलं कापड तसंच पडलं आहे. झटका दुखला म्हणून नाही. परत केव्हा बसेल ते माहीत नाही, म्हणून.

सकाळी सत्यशीला अंगणात जाऊन बराच वेळ कोणाशी तरी फोनवर बोलली. मी आलो तशी ठेवून दिला.

३ डिसेंबर

आज योगायोग झाला. धरमसिंग आला. बरोबर ठेल्यावर एक लोखंडी टेबल.

"कपडे कापाले," म्हणाला. "खाली बसून कापतं म्हने तू, कंबर जाईन."

मी टेबल पाहिलं. एक पाय उलुसा आखूड. आणि टाके! शेणाचे पो टाकल्यासारखे. मी त्याला शिव्या दिल्या. चांगला पाव तास दिल्या. करंट किती ठेवला होता, रॉड कोणता घेतला, हात का थरथरला. तो खाली मान घालून ऐकत राहिला. बऱ्याच दिवसांनी मला बरं वाटलं.

मग त्याने विचारलं, "मंग? बसून काय करून राह्यला?"

"काही नाही."

"थेच तं पाहून राह्यलो."

मी म्हटलं, "धरमसिंग, परत झटका बसला तर?"

"बसन. मंग काय? त्या दिवशी नसता बसला, तं आज मी तुह्या फोटोले हार घालून राह्यलो असतो. झटक्याले कायले भेतं बे? झटका तुह्या बाजूनं आहे."

हे मला कोणी असं सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनीही नाही.

मग तो टेबलाच्या पायाकडे पाहत म्हणाला, "तू दुकानात पडला, तवा मी नुसता तुह्या नावानं बोंबलत राह्यलो. मेनबी बंद करनं सुदरलं नाई. आता तू रस्त्यानं दिसला का माहा हात पयले मेनवर जाते. मंगच जय भीम निंगते तोंडातून."

म्हणजे तो चहा त्यासाठी होता. मी त्याच्याविषयी मागे काय काय लिहून ठेवलं आहे, ते खोडणार होतो. पण राहू दे.

सत्यशीलाने आम्हा दोघांना भजी दिली. मला चार, त्याला ताटभर.

टेबलाच्या आखूड पायाखाली लाकडाची चकती दिली आणि अर्धवट पिशवी पुरी केली.

२८ डिसेंबर

मानीबाईंच्या टोळीत आता सगळ्यांकडे आहेत. 'फाळका ओटी' नाव त्यांनीच पाडलं. राजूरच्या, पाटणबोरीच्या बायका विचारत येतात. पायलने मोबाईलवर टाकलं म्हणून, की आणखी कशाने, कळत नाही. परवा आलेल्या तिघी सत्यशीलाच्या माहेरच्या निघाल्या. काल आलेल्या दोघीही. जग फार लहान आहे.

१९ जानेवारी २०२५

आज भांडण झालं. एक बाई दारात आली, सत्यशीलाला म्हणाली, "टेलरभाऊ आहेत का?" अठरा वर्षं शिवणारी सत्यशीला समोर बसलेली! तिने मशीन थांबवलं. मला वाटलं, आता काही खरं नाही. तर ती आत वाकून ओरडली, "ओ टेलरभाऊ! गिऱ्हाईक आलं!" आणि नंतर दिवसभर मला तसंच हाक मारत होती. जेवायला या टेलरभाऊ. गोळी घ्या टेलरभाऊ. भांडण मी केलं, ती फक्त हसली.

दुकानातला माझा अर्धा हिस्सा धरमसिंगला घे म्हटलं. तो नाही म्हणाला. मग म्हणाला, "देजो, पन बोर्डावरचं नाव मी पुसनार नाई." वेल्डर धम्मरत्न असं नाव चौकात आहे, टेलर धम्मरत्न घरी आहे. दोघं वेगळे आहेत असं आता वाटत नाही.

२० फेब्रुवारी

नागपूरला तपासणी. यंत्राला तीन महिन्यांत एकदाही झटका द्यावा लागला नाही. या वेळी डॉक्टरांना त्या तीन दिवसांच्या गोळ्यांचं खरं सांगून टाकलं. ते म्हणाले, "माहीत आहे. तुमच्या मिसेसनी तेव्हाच सांगितलं होतं." मी सत्यशीलाकडे पाहिलं. ती भिंतीवरचं हृदयाचं चित्र फार लक्ष देऊन पाहत होती.

९ मार्च

मानीबाईंच्या पुतणीचं लग्न होतं, पोडावर. आम्हा तिघांना बोलावणं. धरमसिंगही आला, फेटा बांधून.

दुपारी जेवणं झाली आणि ढोल सुरू झाला. ढेमसा. बाया-माणसं एकमेकांच्या पाठीमागून हात गुंफून रांग करतात आणि ढोलाभोवती वळत जातात. मानीबाई आल्या आणि माझा उजवा हात धरला. "चाला भाऊ."

मी सत्यशीलाकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग म्हणाली, "जा."

तीन फेरे नाचलो. पाय चुकत होते, पण रांग ओढून नेते. छाती धडधडायला लागली. मी घणाची वाट पाहत होतो, दात आवळून. घण आला नाही. धडधड नाचाची होती, बाकी सगळ्यांना होत होती तशीच. तिसऱ्या फेऱ्यात वाट पाहायची विसरलो.

मग दमून खाटेवर येऊन बसलो. मानीबाईंनी सत्यशीलाला ओढलं. ती कधी नाचत नाही, आमच्या लग्नातही नाचली नव्हती. पदर खोचला आणि गेली. एक फेरा, दोन फेरे, पाच फेरे. दर फेऱ्याला रांग माझ्या खाटेच्या अगदी जवळून जायची. मी हात वर केला. तिने पाहिलं नाही. नाव घेऊन हाक मारली, ढोलात ऐकू गेली नसेल. मान मागे टाकून, डोळे मिटून हसत होती, पंचविशीतल्या पोरीसारखी. मी इकडे एवढा घामाघूम होऊन बसलेलो, माणसाने निदान एकदा तरी वळून पाहावं! जरा रागच आला.

घरी येताना रस्त्यात म्हटलं, "तू माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीस."

ती थांबली. "हाव ना," म्हणाली. "ध्यानातच नाई राह्यलं." आणि जागच्या जागी उभी राहून हसायला लागली, हसता हसता पदराने डोळे पुसायला लागली. पायल पुढे जाऊन उभी राहिली आणि मागे वळून पाहीना.

मी माझा रुमाल काढून दिला. पोडावर धूळ फारच होती.